शाईची रवानी

दुकानात शाईची बाटली मागितली, की दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "निळी की काळी?" आपणही झटकन उत्तर देतो, पैसे देतो आणि बाटली दप्तरात टाकतो. माझे म्हणणे असे आहे, की हा प्रश्नच अपुरा आहे. रंग ही शाईची वरवरची ओळख आहे. तिची खरी ओळख तिच्या वाहण्यात असते. ती किती मोकळी वाहते, किती वेळात वाळते, कोणत्या कागदावर फुटते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर काय होते, हे पाहिल्याशिवाय लिहिण्याचा आनंद देणारी शाई हाती लागत नाही. आणि मुलांनो, आपण उर्दू शाळेतल्या मंडळींनी तर हे इतरांपेक्षा अधिक पाहिले पाहिजे. कारण आपण एकाच पेनने दोन दिशांना लिहितो.

वाहण्याच्या या गुणाला उर्दूत 'रवानी' असा सुंदर शब्द आहे. मराठीत त्याला 'ओघ' म्हणतात. लेखनाच्या साहित्याची बरीचशी नावे मात्र दोन्ही भाषांत जवळपास सारखीच आहेत. कागद, कलम, दौत हे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले आणि आपलेसे केले. 'शाई' हे तर आपल्या 'स्याही'चेच मराठी रूप. 'स्याह' म्हणजे काळा. म्हणजे 'निळी शाई' या शब्दांचा काटेकोर अर्थ 'निळा काळेपणा' असा होईल! पण भाषा असा हिशेब ठेवत नाही, आणि ते बरेच आहे.

आता पेनाकडे वळू. फाउंटन पेन निब खाली करून धरले, तरी त्यातली सगळी शाई भळकन खाली का येत नाही? निब नीट पाहा. तिच्या मधोमध केसासारखी बारीक चीर असते. निबेच्या खाली खाचा असलेला एक काळा तुकडा बसवलेला असतो. त्याला पुष्कळ जण 'जीभ' म्हणतात. टीपकागदाचा कोपरा पाण्यात धरला, तर पाणी आपोआप वर चढते. अरुंद जागेतून द्रव पदार्थ असा स्वतःहून पुढे सरकतो, याला विज्ञानात केशाकर्षण म्हणतात. शाई याच शक्तीने जिभेच्या खाचेतून निबेच्या चिरेत येते आणि टोक कागदाला टेकले, की कागद तिला ओढून घेतो. पण एवढ्याने भागत नाही. जितकी शाई बाहेर गेली, तितकी हवा आत शिरली पाहिजे. नाहीतर शाई थांबते. हवा एकदम जास्त शिरली, तर शाईचा ठिपका पडतो. अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली ज्या जिभेचे पेटंट घेतले, तिच्या बारीक खाचांनी हा समतोल चांगला साधला. हवी तेव्हाच वाहणारी शाई असावी, ही इच्छा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल-मुइझ यांनी अशी लेखणी करवून घेतली होती, की तिच्या पोटातच शाई राहील आणि ती उलटी केली तरी गळणार नाही. काझी अल-नुमान यांनी आपल्या ग्रंथात तशी नोंद करून ठेवली आहे. ती लेखणी आज उरलेली नाही.

पेन चांगले असले, तरी आत भरलेली शाई नीट नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. फाउंटन पेनच्या शाईत सर्वांत जास्त काय असते, तर पाणी. त्यात रंगद्रव्य विरघळवलेले असते. बुरशी धरू नये म्हणून एखादे औषध, निबेच्या टोकाशी शाई लगेच सुकू नये म्हणून ग्लिसरिनसारखा एखादा पदार्थ आणि शाई मोकळी वाहावी म्हणून साबणासारखे काम करणारे एखादे द्रव्य, अशी थोडीथोडी भर घातलेली असते. ही भर कमीअधिक झाली, की शाईचा स्वभाव बदलतो. पेनचे शौकीन 'ओली शाई' आणि 'कोरडी शाई' असे दोन शब्द वापरतात. बाटलीत दोन्ही सारख्याच पातळ दिसतात. फरक कळतो तो कागदावर. ओली शाई निबेतून सढळ हाताने उतरते, रेघ जाड आणि गडद येते, निब कागदावरून तेल लावल्यासारखी सरकते. कोरडी शाई हात राखून उतरते. रेघ बारीक येते, निब किंचित खरखरते, पण अक्षर स्वच्छ राहते.

बॉलपेनने लिहिताना हा सारा प्रश्नच उद्भवत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. लास्लो बिरो यांनी १९३८ साली ज्या बॉलपेनचे पेटंट घेतले, त्यात घट्ट शाई आणि टोकाशी फिरणारी गोळी असते. ती गोळी फिरण्यासाठी पेन दाबावे लागते. तुमच्या बॉलपेनने लिहिलेल्या वहीचे पान उलटून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. अक्षरांचे उंचवटे हाताला लागतील. ते उंचवटे म्हणजे तुमच्या बोटांनी केलेली मजुरी! तीन तासांचा पेपर लिहून बाहेर आलेली मुले बोटे चोळताना मी दर वर्षी पाहतो. शाईच्या पेनला हा दाब लागत नाही. पेनचे स्वतःचे वजन पुरते. बॉलपेनविषयी माझी तक्रार नाही. पावतीखाली कार्बन पेपर ठेवून लिहायचे असेल, तर दाबूनच लिहावे लागते आणि तेथे बॉलपेनच हवे. पण पानेच्या पाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने रोज मजुरी का करावी?

आता आपल्या खास अडचणीकडे येतो. आमच्या वर्गात उर्दूच्या तासानंतर मराठीचा तास असतो. पेन तेच, शाई तीच, पण वहीची दिशा बदलते. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्या अक्षरांपासून दूर दूर जातो. शाई वाळायला वेळ लागला तरी बिघडत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे आत्ताच लिहिलेला ओला शब्द आपल्या हाताच्या बाजूलाच राहतो आणि हात जरा वर सरकला, की तळव्याची कड त्याच्यावरून फिरते. पान काळवंडते आणि तळवाही निळा होतो. ज्या मुलांचा डावा हात चालतो, त्यांचे नेमके उलटे होते. त्यांची उर्दूची वही स्वच्छ राहते आणि मराठीची माखते. वर्गात असे मूल असेल, तर त्याला 'गबाळा' म्हणण्यापूर्वी त्याच्या पेनात कोणती शाई आहे, हे पाहावे. मी तर म्हणेन, की मराठीच्या वहीसाठी त्याला लवकर वाळणारी, जराशी कोरडी शाई द्यावी. निम्मी तक्रार तेथेच मिटते.

दिशा हा एक भाग झाला. अक्षरांच्या घडणीचाही विचार करावा लागतो. देवनागरीत शिरोरेखा असते. शब्द लिहून झाल्यावर आपण त्याच्या डोक्यावरून एक लांब आडवी रेघ ओढतो. शाई फारच कोरडी असेल, तर ही रेघ मध्येच तुटते आणि शब्दाचे छप्पर गळके दिसते. शाई फारच ओली असेल, तर उभ्या रेघा शिरोरेखेला जेथे मिळतात तेथे थेंब साचतात. 'महाराष्ट्र' हा शब्द लिहून पाहा. शिरोरेखा सलग येते का आणि शेवटचे जोडाक्षर भरून जाते का, हे दोन्ही एकाच शब्दात कळते. उर्दूची परीक्षा वेगळी. तेथे नुक्ते आणि अक्षरांचे डोळे सांभाळावे लागतात. 'पेशकश' या एका शब्दात अकरा नुक्ते आहेत. शाई ओली असेल, तर शीनचे तीन नुक्ते मिळून एक डाग होतो. 'मौसम' लिहिताना दोन्ही मीम आणि वाव यांचे डोळे उघडे राहिले पाहिजेत. ते मिटले, की शब्द आंधळा झाला. म्हणून माझे मत असे, की आपल्यासाठी उत्तम शाई फार ओलीही नको आणि फार कोरडीही नको. केवळ मराठी किंवा इंग्रजी लिहिणाऱ्याला जी शाई सर्वांत गोड वाटेल, ती आपल्याला गोड वाटेलच असे नाही.

जुने कातिब हे सारे जाणून होते. दिव्याचे काजळ आणि डिंक खलून ते शाई करीत. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा एक लहानसा गुंता टाकून ठेवीत. कलम बुडवताना तो धाग्यांवर टेकत असे, त्यामुळे तळापर्यंत बुडत नसे आणि गरजेपुरतीच शाई उचलत असे. शाई कितीही सुरेख असली तरी तिला आवर घालावा लागतो, हे त्यांनी धाग्याच्या गुंत्याने साधले. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली निघालेले उर्दू दैनिक तर एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून लिहिले जात होते. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. काजळाची शाई किंवा चित्रकलेची पाण्याने न निघणारी शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत. ते खाचेत बसतात आणि पेन कायमचे बंद पडते.

आपल्या देशात शाईची कहाणी स्वदेशीशी जोडलेली आहे. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. गोळी पाण्यात टाकायची, ढवळायचे, की शाई तयार! पुढे त्यांची 'कॅमल' शाई घराघरांत पोहोचली आणि कंपनी 'कॅमलिन' म्हणून ओळखली जाऊ लागली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. पण बाटलीवरचा उंट कायम आहे. १९३४ साली बंगालमध्ये 'सुलेखा' शाई निघाली, तीही विलायती शाईला स्वदेशी उत्तर म्हणूनच. कोलकात्यातील जादवपूरचा एक चौक आजही 'सुलेखा' या नावाने ओळखला जातो. शाईच्या नावाने चौक ओळखला जावा, याचे मला मोठे कौतुक वाटते. तिकडे अमेरिकेत पार्कर कंपनीने १९३१ सालीच 'क्विंक' काढली. 'क्विक' म्हणजे लवकर आणि 'इंक' म्हणजे शाई, हे दोन शब्द जोडून ते नाव केले. टीपकागदाची गरज पडू नये, इतक्या लवकर ती वाळावी, हा त्यामागचा हेतू होता.

अलीकडे परदेशी शाई आपल्याकडेही मिळू लागली आहे. जपानच्या पायलट कंपनीने २००७ साली 'इरोशिझुकु' नावाची शाई बाजारात आणली. तिच्या एकेका रंगाचे नाव निसर्गातून घेतलेले आहे. एकाचा अर्थ चांदणी रात्र, एकाचा खोल समुद्र, एकाचा वेळूचा कोळसा. शाई मोकळी वाहते, निब पाण्यावरून नाव जावी तशी जाते. चांगल्या जाड कागदावर पत्र लिहायचे असेल, तर तिच्यासारखा आनंद नाही. पण तीच शाई आपल्या नेहमीच्या दोनशे पानी वहीत वापरून पाहा. वहीच्या पातळ कागदाला खळ कमी असते. ओली शाई त्यावर मुळ्यांसारखी फुटते आणि पानाच्या मागच्या बाजूला उमटते. मग एकच बाजू लिहायची, म्हणजे वही दुप्पट लागणार! अशा कागदाला जर्मनीच्या पेलिकन कंपनीची ४००१ मालिकेतील शाई जास्त मानवते. तिला पेनचे शौकीन 'कोरडी' म्हणून थोडे नावे ठेवतात, पण स्वस्त वहीत तोच तिचा गुण ठरतो. आणि रोजच्या शाळेसाठी माझी निवड विचाराल, तर आपली साधी कॅमलची रॉयल ब्ल्यू. तिच्यात चांदण्या रात्रीचा डौल नाही. पण ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, खिशाला परवडते आणि लहानांच्या हातात देताना धास्ती वाटत नाही.

'धुऊन जाणारी निळी शाई' म्हणजे कच्ची, हलकी शाई, असा एक समज आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो बरोबर नाही. या शाईचा डाग सदऱ्यावर पडला आणि लगेच गार पाण्याने धुतला, तर बहुतेक निघून जातो. जर्मनीत पुष्कळ शाळकरी मुले अजूनही फाउंटन पेनने लिहायला शिकतात आणि हीच रॉयल ब्ल्यू शाई वापरतात. तेथे तिच्यासाठी खास खोडपेन मिळते. ते अक्षरावरून फिरवले, की त्यातील रसायनामुळे रंगद्रव्याची घडण बदलते आणि निळा रंग दिसेनासा होतो. शाई कागदावरच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

मात्र जे टिकले पाहिजे, ते या शाईने लिहू नये. जुलैमधला पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. भिजलेल्या दप्तरातून वही काढावी आणि आठवड्याचा अभ्यास आकाशासारखा निळा होऊन गेलेला असावा, हे आपल्याकडे दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येते. शाळेचे रजिस्टर, निकाहनामा, जमिनीचा करार अशा कागदांना पक्की शाई हवी. पूर्वी ती मायफळ आणि हिराकस यांच्यापासून करीत. आपले हकीम मायफळाला 'माजू' म्हणतात. ओक जातीच्या झाडांवर किडीमुळे येणाऱ्या गाठी त्या ह्याच. त्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह एकत्र आले, की शाई तयार होते. लिहिताना ती फिकी दिसते. हवा लागली, की काही वेळाने काळी पडत जाते आणि कागदाच्या धाग्यांत घट्ट बसते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग घालू लागले. 'निळी-काळी' शाई हे नाव तेथून आले. आजच्या प्रत्येक निळ्या-काळ्या शाईत लोह असतेच असे नाही. बाटलीवर पाहून घ्यावे. इंग्लंडमध्ये जन्म आणि विवाहांच्या नोंदवह्यांसाठी लोहाची शाई मुद्दाम वापरली जात असे. ही शाई आम्लधर्मी असते. पेनमध्ये महिनोन्महिने तशीच ठेवली, तर पोलादी निब खाते. म्हणून ती वापरणाऱ्याने पेन वेळच्या वेळी धुतले पाहिजे.

शाईच्या पेनांविषयी शिक्षक-कक्षात बोलणे निघाले, की माझे सहकारी हसतात. "जनाब, एका बाकावर चार मुले बसतात. बाटली सांडली तर काय कराल?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की बाटली मुलांच्या दप्तरात नसावीच. पाचवीपासून पुढे प्रत्येक वर्गात शिक्षकाच्या टेबलावर शाईची एक बाटली आणि एक ड्रॉपर असावा. पेन घरीच भरून आणावे आणि अडले तरच टेबलाशी यावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. हिशेब करून पाहू. एका पेनात दोन मिलिलिटर शाई मावते असे धरले, तर ६० मिलिलिटरच्या बाटलीत पेन ३० वेळा भरेल. शाई संपली म्हणून पेन फेकावे लागत नाही. बॉलपेन मात्र संपले, की पुष्कळदा सगळेच कचऱ्यात जाते, आणि आमच्या शाळेमागच्या गटारात त्यांच्या नळ्या कोणालाही मोजता येतील.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो. "आता सगळे मोबाइलवरच लिहिणार, अक्षर कशाला घोटायचे?" असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले चांगल्या वह्या आणि चांगली पेने घेऊन शाळेत जातात. दहावीची उत्तरपत्रिका अजून हातानेच लिहावी लागते. ती तपासणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसत नाही, अक्षर तेवढे दिसते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याच्याजवळ निदान वाहणारी शाई असावी, एवढे मागणे काही फार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा आपले पेन धुऊन, रिकामे करून न्या. जुन्या शाईत नवी मिसळू नका. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र आल्या, की कधी कधी साका धरतो. सोबत वहीचे एक पान घ्या, दुकानातला गुळगुळीत कागद नको. दुकानदाराजवळ उघडलेली बाटली असेल, तर अदबीने विचारून चार थेंब भरा. उजवीकडून 'पेशकश' आणि 'मौसम' लिहा, डावीकडून 'महाराष्ट्र' लिहा. दहापर्यंत आकडे मोजा आणि तिन्ही शब्दांवरून अंगठा फिरवा. मग पान उलटून पाहा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल. त्याला सलाम करा आणि सांगा, की रंग कोणताही चालेल.